बाभळीची साल आणि क्रोमियम

वर्ध्याजवळच्या नालवाडीत 1930 च्या दशकात गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवलं. कातडी घ्यायची ती नैसर्गिक मरण आलेल्या जनावरांचीच, हा तिथला आग्रह. बाभळीच्या सालीने कातडं कमावण्याची पद्धत आपल्या गावांना जुनीच. सालीतलं टॅनिन कातड्यातल्या कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंना घट्ट धरून ठेवतं, मग पाणी लागलं तरी कातडं सडत नाही. मात्र त्याला कित्येक आठवडे लागतात.

क्रोमियमचे क्षार तेच काम दिवसाभरात करतात. पण नेहमीच्या क्रोम पद्धतीत सुमारे एक तृतीयांश क्रोमियम कातड्यात मुरतच नाही, सांडपाण्यात जातं. सालीचं पाणी तरी निर्धोक आहे का? नाही. ते तसंच ओढ्यात सोडलं तर कुजताना प्राणवायू संपवतं, मासे गुदमरतात. साल म्हटलं की सगळं स्वच्छ, असं मानणं मला धोक्याचं वाटतं.

चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने क्रोम कमावणीत पाणीच न वापरण्याचं तंत्र विकसित केलं आहे. केस काढायला सल्फाइडऐवजी विकरं चालतात. वर्ध्याच्या कापसालाही विकरांचा उपयोग आहे: सुतावरचं पेक्टिन काढायला उकळत्या कॉस्टिक सोड्याऐवजी पेक्टिनेज वापरलं, तर 50-60 अंश तापमान पुरतं.