ॲपचीही उगवण तपासावी लागते

परभणीच्या शासकीय बीज परीक्षण प्रयोगशाळेत सोयाबीनचे शंभर दाणे उगवायला घातले, की किती अंकुरतात ते कळते. प्रमाणित बियाण्यासाठी किमान ७० टक्के उगवण ठरलेली आहे. वाण शुद्ध आहे का, हे मात्र या चाचणीतून कळत नाही. त्यासाठी बियाणे शेतात वाढवून पाहावे लागते. सॉफ्टवेअर तपासणाऱ्या साधनांचेही असेच आहे. प्रत्येक साधन एकाच प्रकारच्या प्रश्नाचे उत्तर देते.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी उदाहरणादाखल घेऊ. जिंतूरचा शेतकरी शेतात उभा राहून मोबाईलवर पिकाची नोंद करतो, फोटो जोडतो आणि ती नोंद गाव नमुना बारामध्ये जाते. नोंद हुकली, तर पुढे हमीभावाने विक्री करताना किंवा नुकसानभरपाई मागताना अडचण येते. असे ॲप तपासायचे, तर कोणते साधन घ्यावे?

२००४ साली जन्मलेले ‘सेलेनियम’ ब्राउझर चालवते. माणसासारखी बटणे दाबते, रकाने भरते. पानावरचे बटण तयार होईपर्यंत किती थांबायचे, हे मात्र त्याला बहुधा आपणच लिहून द्यावे लागते. मायक्रोसॉफ्टचे २०२० मधले ‘प्लेराइट’ बटण दाबण्याजोगे होईपर्यंत आपसूक थांबते, त्यामुळे विनाकारण नापास होणाऱ्या चाचण्या घटतात. ही दोन्ही संकेतस्थळांसाठी आहेत; मोबाईलमधल्या ॲपसाठी ‘ॲपियम’ लागते. शेवटच्या दिवशी हजारो जण एकदम आले, तर सर्व्हर तग धरेल का, हे ‘जेमीटर’ सांगते. ते पडद्याकडे पाहतही नाही. सर्व्हरवर विनंत्यांचा मारा करून उत्तराला लागणारा वेळ मोजते.

सांगितल्याशिवाय यांपैकी कोणीही पकडणार नाही, अशी एक चूक मराठीतच दडलेली आहे. ‘शेतकऱ्या’तला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकाच सांकेतांकाने, किंवा ‘र’ला नुक्ता जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाने ते आधी एकरूप करून घेतले नाहीत, तर त्याला ते वेगळे वाटतात. मग ‘कऱ्हाळे’ हे आडनाव यादीत असूनही शोधल्यावर सापडत नाही.

ही चाचणी चार-सहा ओळींत लिहिता येते. ती सुचायला मराठी लिहिणारा माणूस चमूत हवा. चारही साधने मोफत आहेत, तेव्हा निवडताना किमतीचा प्रश्न उरत नाही. काय बिघडले तर कोणाचे किती नुकसान होईल, याची यादी आधी करावी आणि त्यातल्या प्रत्येक ओळीसमोर साधनाचे नाव लिहावे. ज्या ओळीसमोर नाव सुचणार नाही, तिथे जुना मोबाईल घेऊन रेंज नसलेल्या शिवारात माणसानेच जावे.