काजातून अर्धं बाहेर आलेलं बटण

शर्टाचं एक बटण लावायला किती पायऱ्या लागतात? विशेष शिक्षकांना त्या मोजाव्या लागतात. एका हातानं काजाची कड धरायची, दुसऱ्या हाताच्या चिमटीत बटण पकडायचं, ते आडवं करून काजात घालायचं, पलीकडून चिमटीत धरायचं आणि ओढून घ्यायचं. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला शिकवताना ही साखळी बऱ्याचदा शेवटाकडून सुरू होते. पहिल्या चार पायऱ्या शिक्षक करतात आणि काजातून अर्धं बाहेर आलेलं बटण मुलाच्या बोटांत देतात. मुलानं फक्त ओढायचं. बटण लागतं आणि ते त्यानं स्वतः लावलेलं असतं! मग शेवटच्या दोन पायऱ्या त्याच्या, मग तीन. पाचही पायऱ्या जमायला कधी कधी काही महिने जातात.

हे काम पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्हे तालुक्यांत करायचं म्हणजे आधी चालायची तयारी हवी. वेल्ह्याचं सरकारी नाव २०२४ च्या निर्णयानंतर राजगड झालं, पण एसटीच्या थांब्यावर अजून वेल्हेच ऐकू येतं. तोरणा, राजगड, रोहिडा यांच्या मधल्या खोऱ्यांत वाड्या विखुरलेल्या आहेत. पानशेतच्या पलीकडचं खोरं असो की भाटघरच्या पाण्यामागचं भुतोंडे, नकाशावर जवळ दिसणारं गाव जलाशयाला वळसा घालून गाठावं लागतं. भातलावणीच्या दिवसांत आईवडील खाचरात असतात आणि घरी आजी व मूल दोघंच. अशा वेळी विशेष शिक्षकाची पहिली विद्यार्थिनी आजीच होते.

हे शिक्षक समग्र शिक्षा योजनेत काम करतात. त्यांची बैठक गट साधन केंद्रात, पण बराचसा दिवस शाळांत आणि घरांत जातो. जे मूल शाळेत येऊ शकतं त्याला वर्गात बसवणं, त्याच्यासाठी वैयक्तिक शैक्षणिक आराखडा करणं, वर्गशिक्षकाला समजावणं, ही एक बाजू. तीव्र दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असल्यामुळे ज्याला शाळेत आणणं शक्य नसतं, त्याला २०१२ च्या दुरुस्तीनं शिक्षण हक्क कायद्यात घरी शिकण्याचा पर्याय दिला. या गृहाधारित शिक्षणासाठी शिक्षकच उंबरा ओलांडून आत जातात.

एखाद्या घरात सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल आईच्या मांडीवर उताणं झोपून खात असतं. तान्हेपणापासूनची ती सवय असते, पण अशा स्थितीत घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. शिक्षक आधी मुलाची बैठक बदलतात. खास खुर्ची मिळेपर्यंत घराचा कोपरा कामी येतो. दोन भिंतींच्या मध्ये पाठ टेकवायची, बाजूंना गोधडीच्या गुंडाळ्या लावायच्या, पाय टेकलेले ठेवायचे. मान मागे झुकू द्यायची नाही, हनुवटी किंचित खाली. चमचा लहान, नाचणीची आंबील थोडी दाट, आणि पहिला घास गिळून होईपर्यंत दुसरा नाही. पुढच्या भेटीत ते सगळं आईच्या हातून करून घेतलं जातं, कारण शिक्षक परत जाणार आणि रोजचे घास आईलाच भरवायचे असतात.

गावात या सगळ्याला सेवा म्हणतात, पुण्याचं काम म्हणतात. त्या बोलण्यात जिव्हाळा असतो, पण त्यात कौशल्य झाकलं जातं. विशेष शिक्षक व्हायला विशेष शिक्षणातली पदविका किंवा पदवी लागते आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नाव नोंदवावं लागतं. या परिषदेचा १९९२ चा कायदा त्यासाठीच आहे. नोंदणी टिकवायची तर पुढेही प्रशिक्षण घेत राहावं लागतं. परिचारिकेला किंवा वकिलाला आपण जसं व्यावसायिक मानतो, तसंच या शिक्षकांना मानायला हवं.

महाराष्ट्रात या विद्येची परंपरा जुनी आहे. जय वकील शाळा मुंबईत १९४४ मध्ये सुरू झाली, ती डाऊन सिंड्रोम असलेल्या एका मुलीसाठी तिच्या आईवडिलांनी काढली. पुण्यात सिंधूताई जोशींची कामायनी शाळा १९६४ मध्ये उभी राहिली. अशा शाळांनी पिढ्या घडवल्या, पण वेल्ह्यातल्या घिसर किंवा दापसरे गावचं मूल रोज पुण्याला जाऊ शकत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं २१ प्रकारची अपंगत्वं मान्य केली आणि लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. तो हक्क खोऱ्यात पोचतो तो याच शिक्षकांच्या पायांनी.

त्यांच्या स्वतःच्या हक्काला मात्र फार उशीर झाला. वर्षानुवर्षं त्यांनी कंत्राटावर, तुटपुंज्या मानधनात काम केलं. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये प्रमाण सांगितलं: प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे आणि त्यावरच्या वर्गांना १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक. २०२४ मध्ये राज्य सरकारनं शाळांच्या ४,८६० केंद्रांसाठी प्रत्येकी एक पद मंजूर केलं आणि २,९८४ कंत्राटी शिक्षकांना सामावून घ्यायचं ठरवलं. हा न्याय उशिराचा आणि अजून अपुरा आहे. एका केंद्रात अनेक शाळा येतात, आणि डोंगरातल्या केंद्राला सपाटीचंच माप लावून भागणार नाही.

अमेरिकेत दर सप्टेंबरला एक आठवडा दिव्यांगांना रोजच्या जगण्यात मदत करणाऱ्या साहाय्यकांबद्दलच्या कृतज्ञतेसाठी पाळतात. आपल्याकडे ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिनी मुलांच्या स्पर्धा होतात, बक्षिसं दिली जातात. त्या मुलांना मंचापर्यंत चालत आणणारे हात मागेच राहतात.

कौतुक करायचं तर ते कामाला उपयोगी पडेल असं करावं. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. येत्या ग्रामसभेला आपल्या केंद्राच्या विशेष शिक्षकांना बोलवा, त्यांना नावानं हाक मारून पुढे बसवा आणि विचारा: आपल्या गावात अशी किती मुलं आहेत, कुणाला खुर्ची हवी आहे, कुणाचा दिव्यांगत्वाचा दाखला अडला आहे? ते सांगतील ते इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्या ५ टक्क्यांचा हिशोब त्याच सभेत मांडायला लावा.