कॅम्पग्राउंडची मेंबरशिप: सवलत कोणाच्या पदरात पडते?

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे आतच राहण्याची सोय असलेली गाडी, घेऊन फिरायचं ठरलं की हिशेब सुरू होतो तो गाडीच्या भाड्यापासून आणि पेट्रोलपासून. रात्रीच्या मुक्कामाला किती पडतील हे बऱ्याचदा शेवटी बघितलं जातं, आणि तिथेच अंदाज चुकतो. पाणी, वीज आणि सांडपाण्याचा पाइप अशा तिन्ही जोडण्या असलेली जागा, म्हणजे ‘फुल हुकअप’, खासगी कॅम्पग्राउंडमध्ये रात्रीला पन्नास-साठ डॉलर सहज घेते. जुलैत एखाद्या नावाजलेल्या नॅशनल पार्कच्या दाराशी तीच जागा शंभरच्या पुढे जाते. मग ओळखीतलं कोणीतरी सांगतं, अमक्या क्लबचे मेंबर व्हा, निम्म्यात होईल. दुसरं कोणी म्हणतं, ही सगळी पैसे काढायची धंदेवाईक युक्ती आहे.

दोघांचंही म्हणणं अर्धवट आहे. या मेंबरशिप खोट्या नाहीत. ज्यांना त्या लागू पडतात त्यांचे दरवर्षी शेकडो डॉलर वाचतात. पण सवलत किती टक्के आहे यावर फायदा ठरत नाही. तुम्ही वर्षाच्या कोणत्या महिन्यात, आठवड्याच्या कोणत्या वारी, किती रात्री आणि कशाच्या जवळ मुक्काम करता, यावर तो ठरतो. एवढं एक ध्यानात ठेवलं तर बाकीचे गैरसमज सोडवणं सोपं जातं.

“पन्नास टक्के सवलत म्हणजे मुक्कामाचा खर्च निम्मा”

हा सर्वांत पसरलेला समज, आणि तो पासपोर्ट अमेरिका या क्लबभोवती फिरतो. १९९२ साली सुरू झालेला हा क्लब वर्षाला पन्नास डॉलरच्या आसपास वर्गणी घेतो आणि हजाराहून अधिक कॅम्पग्राउंडमध्ये निम्म्या भाड्यात राहू देतो. हिशेब मांडला तर मोह पडावा असाच आहे. पन्नास डॉलरची जागा पंचवीसला मिळाली तर दोन रात्रींत वर्गणी वसूल.

पण कॅम्पग्राउंडचा मालक निम्मं भाडं सोडायला तयार का होतो, हा प्रश्न कोणी विचारत नाही. एसटी सुटल्यावर रिकामी राहिलेली सीट जशी पुन्हा विकता येत नाही, तशी मंगळवारी रात्री रिकामी राहिलेली जागा बुधवारी विकता येत नाही. ती पंचवीस डॉलरला गेली तरी मालकाला फायदाच. शनिवारी किंवा चार जुलैच्या सुट्टीत मात्र तीच जागा पूर्ण भावाने जाणार असते, तेव्हा ती निम्म्यात द्यायचं त्याला कारण नाही. सवलतीच्या सगळ्या अटी या एका गोष्टीतून निघतात. शुक्रवार-शनिवार वगळून, मेमोरियल डे, लेबर डे वगळून, काही ठिकाणी जून ते ऑगस्ट पूर्ण वगळून, फार तर एक-दोन रात्री. कुठे पन्नास अँपिअरच्या वीजजोडणीचे जादा पैसे, कुठे वीज मीटरप्रमाणे वेगळी. प्रत्येक कॅम्पग्राउंडच्या अटी निराळ्या असतात आणि त्या क्लबच्या यादीत त्या-त्या नावाखाली लिहिलेल्या असतात. पैसे भरण्याआधी त्या वाचायला हव्यात.

म्हणून मुलांच्या शाळेच्या सुट्टीत, आठवडाभरासाठी भाड्याची आरव्ही घेऊन यलोस्टोनला निघालेल्या कुटुंबाला या मेंबरशिपचा उपयोग जवळजवळ नाही. त्यांना हवी ती जागा, हव्या त्या तारखा, सगळं वगळलेल्या भागात येतं. याउलट स्वतःची आरव्ही असलेलं निवृत्त जोडपं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टेक्ससहून ॲरिझोनाकडे रमतगमत जात असेल, रोज दोन-अडीचशे मैल कापून हायवेलगत एक रात्र थांबत असेल, तर त्यांच्यासाठी याहून चांगला सौदा मला तरी दिसत नाही. पन्नास टक्केवाली बरीच कॅम्पग्राउंडं अशीच, वाटेवरची, एका रात्रीच्या मुक्कामाची असतात. निसर्गशोभेसाठी तिथे कोणी जात नाही, आणि जायची गरजही नाही.

“दहा टक्क्यांनी काय होतंय?”

निम्म्याच्या शेजारी दहा टक्के ठेवले की ते फारच किरकोळ वाटतात. पण उन्हाळ्यात, शनिवार-रविवारी फिरणाऱ्या कुटुंबाच्या पदरात हेच पडण्याची शक्यता जास्त, कारण या सवलतीला अटी कमी असतात.

गुड सॅम क्लब १९६६ पासून चालू आहे. केओए त्याच्याही आधीचं: १९६२ साली सिॲटलला जागतिक प्रदर्शन भरलं, तेव्हा मोंटानातल्या बिलिंग्ज गावी यलोस्टोन नदीच्या काठी डेव्ह ड्रम यांनी वाटसरूंसाठी तळ उघडला आणि त्यातून ही साखळी उभी राहिली. आज तिची पाचशेच्या वर कॅम्पग्राउंडं उत्तर अमेरिकेत पसरलेली आहेत. दोन्हीकडची ठरीव सवलत दहा टक्क्यांची. वर्गणी चाळीस डॉलर आणि रात्रीचं भाडं सत्तर धरलं, तर रात्रीमागे सात डॉलर वाचतात आणि सहाव्या रात्री वर्गणी फिटते. म्हणजे एका लांबलचक सहलीत केओएमध्येच सहा-सात रात्री राहणार असाल तर कार्ड घ्यावं. दोनच रात्री असतील तर नको. यात याहून खोल असं काही नाही. एवढंच बघायचं की दोन सवलती एकमेकींवर चढत नाहीत. हातात तीन कार्डं असली तरी काउंटरवर एकच चालतं, त्यामुळे तीन क्लबांची वर्गणी भरून तिप्पट फायदा होत नाही.

“हार्वेस्ट होस्ट्सकडे रात्र फुकट असते”

ही कल्पना मला मनापासून आवडते, म्हणूनच तिच्याविषयी नीट सांगायला हवं. द्राक्षमळे आणि वायनरी, शेतं, छोट्या ब्रुअरी, संग्रहालयं अशा हजारो ठिकाणांचे मालक आपल्या आवारात आरव्हीला एक रात्र थांबू देतात. वर्गणी वर्षाला शंभर डॉलरच्या आसपास, जागेचं भाडं शून्य. २००९ साली हे सुरू झालं. २०२१ मध्ये याच कंपनीने बूनडॉकर्स वेलकम हा भाऊबंद उपक्रमही घेतला, ज्यात लोक स्वतःच्या घराच्या अंगणात पाहुण्यांची आरव्ही उभी करू देतात.

भाडं शून्य असलं तरी खर्च शून्य नाही. यजमानाकडून काहीतरी विकत घ्यावं हा या व्यवस्थेचा पायाच आहे, आणि तीसेक डॉलरची खरेदी करावी असं क्लब स्वतः सुचवतो. वर्षात पाच रात्री काढल्या तर शंभर वर्गणीचे आणि दीडशे खरेदीचे, म्हणजे रात्र पन्नास डॉलरला पडली. तेवढ्यात कुठेतरी पाण्या-विजेची जोडणी मिळाली असती. इथे ती सहसा नसतेच. तंबू चालत नाही. गाडीत संडास, पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी हे सगळं हवं. भाड्याने मिळणाऱ्या बऱ्याच छोट्या कॅम्परव्हॅनमध्ये संडास नसतो, हे बुकिंगच्या वेळी लक्षात येत नाही आणि मग वर्गणी वाया जाते.

तरीही ज्यांना मळ्याच्या कडेला गाडी लावून, मालकाशी चार शब्द बोलून, त्याच्याकडचं चीज किंवा सफरचंदं घेऊन झोपायचं आहे त्यांनी ही मेंबरशिप जरूर घ्यावी. फक्त ती अनुभवाची किंमत म्हणून द्यावी, बचतीच्या आशेने नको.

“एकदा मेंबर झालं की पुढे फुकट राहायचं”

इथे थोडं थांबायला हवं, कारण आतापर्यंतच्या वर्गण्या चुकल्या तर नुकसान पन्नास-शंभर डॉलरचं होतं. इथे ते हजारांत जाऊ शकतं.

थाउजंड ट्रेल्स ही कंपनी १९६९ मध्ये मिल्ट क्युओल्ट यांनी वॉशिंग्टन राज्यात सुरू केली. सध्या ती इक्विटी लाइफस्टाइल प्रॉपर्टीज या मोठ्या कंपनीकडे आहे. तिचा साधा पास देशाच्या एकेका विभागापुरता असतो. वर्षाला काही शे डॉलर भरायचे आणि त्या विभागातल्या तिच्या कॅम्पग्राउंडांत रोजचं भाडं न देता राहायचं. एका जागी जास्तीत जास्त चौदा रात्री. मुक्काम चार रात्रींपेक्षा लांबला की पुढचे सात दिवस त्यांच्या व्यवस्थेबाहेर काढायचे, मग पुन्हा आत. पासाला सातशे डॉलर पडले असं धरू. वर्षात सत्तर रात्री काढल्या तर रात्र दहा डॉलरला पडते, आणि सातच काढल्या तर शंभरला. आरव्हीतच वर्षभर राहणाऱ्यांना हा पास वरदान आहे. नोकरी करून वर्षातून दोन आठवडे निघणाऱ्यांचं गणित त्यात कधीच बसत नाही.

अडचण त्याच्या वरच्या पायरीवर सुरू होते. कंपनीचा विक्रेता ‘अपग्रेड’ची मेंबरशिप सुचवतो: सगळे विभाग खुले, सलग मुक्काम जास्त, आरक्षणाची मुदत इतरांच्या आधी सुरू. त्यासाठी एकरकमी हजारो डॉलर आणि त्यावर दरवर्षीचं देणं. ‘होम पार्क’ विकत घ्यायला लावून इतर पार्कांत अल्प भाड्यात राहू देणारी कोस्ट टू कोस्टसारखी जाळीही याच धर्तीवर चालतात. इथे विसरलं जातं ते वार्षिक देणं. तुम्ही आजारी पडलात, आरव्ही विकलीत, भारतात परतलात तरी कराराप्रमाणे ते चालू राहू शकतं, आणि दरवर्षी वाढूही शकतं. सहीच्या आधी तीन गोष्टी लेखी बघाव्यात: वार्षिक देणं किती आणि कोणत्या दराने वाढतं, मेंबरशिप दुसऱ्याच्या नावे करता येते का, आणि करारातून बाहेर कसं पडायचं. अनेक राज्यांत सहीनंतर थोडे दिवस करार रद्द करायचा हक्क कायद्याने मिळतो, पण ती मुदत फार छोटी असते. “आजच सही केलीत तरच हा भाव” असं कोणी म्हणालं तर उठून यावं. अशा मेंबरशिप दुसऱ्या हाताने, मूळ किमतीच्या अंशात, कायम विक्रीला असतात. ज्याला खरंच घ्यायची आहे त्याने आधी तिकडे बघावं.

“मेंबर असलं की जागा मिळतेच”

नाही. यातली कोणतीही मेंबरशिप भरलेल्या कॅम्पग्राउंडमध्ये जागा काढून देत नाही. फेडरल सरकारच्या बऱ्याच कॅम्पग्राउंडांचं आरक्षण रिक्रिएशन डॉट गव्हवर होतं, बऱ्याच ठिकाणी सहा महिने आधी सुरू होतं, आणि लोकप्रिय जागा पहिल्या काही मिनिटांत संपतात. तिथे कोणत्याही खासगी क्लबचं कार्ड चालत नाही.

हिशेब करताना आणखी एक चूक होते. वाचलेले पैसे लोक पूर्ण भाड्याशी ताडून बघतात. खरी तुलना मेंबरशिपशिवाय जे स्वस्तात मिळतं त्याच्याशी करायला हवी. खासगी कॅम्पग्राउंडांत आठवड्याचा आणि महिन्याचा दर वेगळा आणि बराच कमी असतो, तो नुसता विचारला तरी सांगतात. पश्चिमेकडच्या राज्यांत बीएलएमच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, मोकळ्या जमिनीवर बहुतेक ठिकाणी चौदा दिवसांपर्यंत काहीही न भरता राहता येतं. ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटजवळ तर १८० डॉलरच्या परवान्यात १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल हा सगळा हिवाळा काढता येतो. हुकअप नाही, वाळवंट आहे, पण गाडीवर सोलर पॅनल असेल तर याच्यापुढे कोणतीही मेंबरशिप महाग पडेल.

“नॅशनल पार्कच्या पासात कॅम्पिंग येतंच”

आपल्याकडच्या कुटुंबांत हा घोळ सर्वांत जास्त होतो. ‘अमेरिका द ब्यूटिफुल’ हा वार्षिक पास प्रवेशाचा आहे, मुक्कामाचा नाही. अमेरिकेत राहणाऱ्यांना तो ८० डॉलरला मिळतो. २०२६ पासून बाहेरच्या देशांतून आलेल्यांसाठी त्याची किंमत २५० डॉलर झाली आहे. वार्षिक पास नसलेल्या परदेशी पाहुण्याला यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, योसेमिटी अशा ११ पार्कांत नेहमीच्या प्रवेशफीवर माणशी १०० डॉलर जादा पडतात. पुण्या-नाशिकहून आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर येणार असतील तर सहलीचा खर्च मांडताना हे आधी धरावं.

मुक्कामाची सवलत मिळते ती ज्येष्ठांच्या पासात. वय ६२ किंवा जास्त, आणि अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड, एवढ्या दोनच अटी. वर्षाचा पास २० डॉलर, आयुष्यभराचा ८०. २०१७ पर्यंत हा आयुष्यभराचा पास फक्त १० डॉलरला मिळायचा. पण ८० डॉलरलाही तो या लेखातल्या सगळ्या मेंबरशिपमध्ये सर्वांत किफायतशीर आहे, असं मी ठामपणे सांगेन. प्रवेशाखेरीज फेडरल सरकारच्या अनेक कॅम्पग्राउंडांत तो भाडं निम्मं करतो. त्यात आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सची तलावांकाठची कॅम्पग्राउंडं येतात, आणि बऱ्याच जणांना ती ठाऊकच नसतात. कायमचं अपंगत्व असलेल्यांसाठीचा ॲक्सेस पास तर विनामूल्य आहे आणि कॅम्पिंगची निम्म्या भाड्याची सवलत त्यालाही लागू आहे. मुलांकडे ग्रीन कार्डावर राहायला आलेल्या किती आजी-आजोबांनी हा पास काढलेला नसतो, याची मला खरंच खंत वाटते.

सवलत सरसकट नाही, हे मात्र बघून घ्यावं. राज्यांच्या स्टेट पार्कांत हा पास चालत नाही. तिथल्या ज्येष्ठांच्या आणि स्थानिक रहिवाशांच्या सवलती वेगळ्या असतात. खासगी ठेकेदार चालवत असलेल्या काही जागाही वगळलेल्या असतात. यलोस्टोनमध्ये फुल हुकअप असलेली एकच जागा आहे, फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क. तिथे अस्वलांच्या वावरामुळे पक्क्या भिंतींच्या गाड्याच घेतात, आणि पार्कातल्या इतर कॅम्पग्राउंडांत मिळणारी ज्येष्ठांची निम्मी सवलत नेमकी इथे मिळत नाही. तेव्हा आजी-आजोबा बरोबर असतील आणि एक-दोन रात्री हुकअपवाचून निभणार असेल, तर मॅडिसन किंवा ग्रँट व्हिलेजला जागा बघावी, आणि आरक्षण करतानाच पासाचा नंबर द्यावा.