पिशवीतलं रक्त म्हातारं होतं तेव्हा

शिवजयंतीला जुन्नर-आंबेगावात कुणी रक्तदान केलं, तर १९ फेब्रुवारीच्या त्या पिशवीतल्या लाल पेशी साधारण २ एप्रिलपर्यंत वापरता येतात. ही ४२ दिवसांची मुदत सॅगएम हे पोषक द्रावण घातलं तर. नुसत्या सीपीडीए द्रावणात ३५ दिवसच.

फ्रीज २ ते ६ अंशांवर असला, तरी पेशी स्वस्थ नसतात. लाल पेशीला ना केंद्रक, ना मायटोकॉन्ड्रिया. ग्लुकोज जाळून ती दिवस काढते. त्यातून लॅक्टिक आम्ल साचतं. ऑक्सिजन सोडायला हिमोग्लोबिनला मदत करणारं डीपीजी नावाचं रसायन दोनेक आठवड्यांत जवळजवळ संपतं. थंडीत पेशीचा पोटॅशियम आत ठेवणारा पंप मंदावतो आणि ते बाहेर झिरपतं. मोठ्यांना एखाद्या पिशवीतल्या या पोटॅशियमचं फारसं काही वाटत नाही. तान्ह्या बाळाला भराभर जास्त रक्त द्यायचं असेल, तर मात्र डॉक्टर ताजी पिशवी शोधतात. सूक्ष्मदर्शकाखाली जुनी लाल पेशी पाहिली तर गुळगुळीत चकतीची धोतऱ्याच्या बोंडासारखी काटेरी गोळी झालेली दिसते.

मग ‘ताजंच रक्त द्या’ हा नातेवाइकांचा हट्ट बरोबर? सरसकट नाही. अंगात गेल्यावर डीपीजी दोन-तीन दिवसांत भरून येतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, चार देशांतल्या मोठ्या चाचणीत ताजं आणि जुनं रक्त मिळालेल्या रुग्णांमधल्या मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. रक्तपेढी जुनी पिशवी आधी काढते, ती वाया जाऊ नये म्हणून.