बाळाचा पाझरता डोळा आणि अडलेला श्वास

बारसें होऊन आठ दिवस लोटतात न लोटतात तों कित्येक घरीं एक तक्रार ऐकूं येते : बाळाचा एक डोळा सारखा पाझरतो आणि सकाळीं पापण्या चिपडांनीं चिकटलेल्या असतात. मग माजघरांत मतांची गर्दी होते. काजळ घाला, दूध पिळा, दृष्ट काढा! दृष्ट काढल्यानें अपाय नाहीं; पण काजळांत पुष्कळदां शिसें सांपडतें, आणि आईचें दूध डोळ्यांत पिळल्यानें बंद नलिका कांहीं उघडत नाहीं.

रडूं लागलें कीं नाकही कां वाहतें, याचा विचार आपण क्वचितच करतों. पापण्यांच्या कडेस, नाकाकडील कोपऱ्यांत, सुईच्या अग्राएवढीं छिद्रें असतात. त्यांतून अश्रु एका लहानशा पिशवींत उतरतात व तेथून नलिकेनें नाकांत जातात. गर्भांत ही नलिका प्रथम भरीव असते. ती हळूहळू पोकळ होते, पण नाकांतील तोंडावरचा पातळ पडदा कित्येकदां जन्मानंतरही तसाच राहतो. शंभर बाळांत पांचांपासून विसांपर्यंत असे सांपडतात. मात्र त्यांतील सुमारें नव्वद टक्के बाळांचा पडदा वर्षाच्या आंत आपोआप उघडतो.

तोंवर करावयाचें तें इतकेंच : नखें काढलेल्या, स्वच्छ धुतलेल्या बोटानें डोळ्याच्या आंतील कोपऱ्यावर अलगद पण नीट दाब देऊन बोट नाकाच्या कडेनें खालीं आणावें; एका वेळीं पांच-दहा वेळां, दिवसांतून दोन-चारदां. ही रीत क्रिग्लर नांवाच्या अमेरिकन डॉक्टरानें 1923 सालीं प्रसिद्ध केली. प्रथम ती डॉक्टरांकडून हातानें शिकून घ्यावी. चिपडें उकळून निवविलेल्या पाण्यांत भिजविलेल्या कापसानें पुसावीं. वर्षानंतरही डोळा पाझरत राहिला, तर बारीक सळई घालून मार्ग मोकळा करतात.

आतां आमच्याच घरची गोष्ट; सांगण्यास लाज वाटते, पण सांगतों. पुतणसुनेचें पहिलें बाळंतपण. मुलीच्या दोन्ही डोळ्यांच्या कोपऱ्यांखालीं वाटाण्याएवढा निळसर फुगवटा जन्मतःच होता. आत्याबाईंनीं त्यास जन्मखूण ठरविलें व आम्हीं मान डोलावली. चौथ्या दिवशीं सूनबाई म्हणाली, "आत्याबाई, ही दोन घोट घेते, सोडते नि धापा टाकते. रडली कीं बरी दिसते." "अगं, पहिलटकरणीला असें वाटायचेंच," असें उत्तर तिला मिळालें. आम्हींही सर्दीचेंच निदान केलें. त्या रात्रीं पितां पितां मुलीचे ओठ निळे पडले, तेव्हां कोठें गाडी निघाली.

डॉक्टरांनीं नाकांत बारीक दुर्बीण घालून पाहिलें. अश्रूंची पिशवी वर तुंबली होती, आणि तिचें खालचें टोंक फुग्यासारखें नाकांत उतरून दोन्ही बाजूंचा मार्ग अडवीत होतें. नवजात बाळ मुख्यतः नाकानेंच श्वास घेतें. रडतांना मात्र तोंड उघडून तें हवा ओढतें. म्हणून रडतांना गुलाबी आणि पितांना निळें! सूनबाईनें सांगितलेलें लक्षण अक्षरशः खरें होतें, व तें घरांत फक्त तिलाच दिसलें होतें. डॉक्टरांनीं ते फुगे उघडले, आणि दुसऱ्या दिवशीं मुलगी न थांबतां प्यायली.

असा निळसर फुगवटा असल्यास घरीं चोळीत बसूं नये, लगेच दाखवावें. तो लाल व गरम झाला, ताप आला, किंवा पहिल्याच दिवसांत पापण्या सुजून पुष्कळ पू येऊं लागला, तर तासाचाही विलंब नको. बुबुळ धुरकट दिसणें किंवा उजेड न सोसणें हा नलिकेचा दोष नव्हे. तो निराळा व गंभीर विकार असूं शकतो. बाळ स्वस्थ असतां पूर्ण मिनिटभर श्वास मोजावे. साठ किंवा अधिक भरले तर पुन्हां मोजावे, आणि तितकेच आले, अथवा बरगड्यांखालीं छाती आंत ओढली जात असेल, तर इस्पितळ गांठावें. ओठ वा जीभ निळी दिसल्यास मोजीत बसूं नये. न्हाऊं घालणारी बाई नाकांत तेल सोडूं लागली, तर तिचा हात धरावा. तें तेल फुप्फुसांत उतरतें.

आमची नात आतां आठ महिन्यांची आहे. उजवा डोळा अजून मधून मधून पाझरतो. मालीश सूनबाई स्वतः करते. आत्याबाई कापूस भिजवून देतात.