ट्रम्पेट घेऊ की युफोनियम?

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. विषय आमच्या दिंडोरीतला, अगदी घरचा.

माझा आतेभाऊ नववीत आहे. वरातीत सगळी पोरं नाचतात, हा मात्र बँडवाल्यांच्या मागे मागे फिरतो. यंदा द्राक्षाचे पैसे हातात आल्यावर आत्या म्हणाली, "तू इंजिनिअर ना, सांग याला कोणतं वाद्य घेऊ? पैसे एकदाच देणार हं मी." पठ्ठ्याचं आधीच ठरलेलं, ट्रम्पेट! का? तर "पुढे उभं राहायला मिळतं ना दादा."

आधी एक गोष्ट क्लिअर करू. पितळेचं ते सगळं ब्रास, असं नसतं. सॅक्सोफोन पितळेचा, पण त्यात रीड वाजते, म्हणून तो क्लॅरिनेटच्या घराण्यातला. ब्रासमध्ये थरथरतात ते आपले ओठ. त्या हिशेबाने आपली तुतारी याच घरातली. पण तिच्या नळीची लांबी बदलत नाही, म्हणून सूर मोजकेच.

ट्रम्पेटचे तीन व्हॉल्व्ह हेच काम करतात, नळी लांब करतात. तीन बटणं म्हणजे आठ कॉम्बिनेशन्स, बरोबर? पण पहिलं आणि दुसरं मिळून जवळपास तिसऱ्याइतकंच होतं. म्हणून उपयोगाच्या लांब्या सातच. ट्रॉम्बोनच्या दांड्याच्याही जागा सातच! फरक इतकाच की दांड्यावर खुणा नसतात, सूर कानानेच पकडायचा. मींड मात्र मस्त येते. हात छोटा असेल तर सातवी जागा लांब पडते.

युफोनियमची नळी ट्रम्पेटच्या साधारण दुप्पट, म्हणून आवाज एक सप्तक खाली. माउथपीस मोठा, वजनही बरंच जास्त. पण पहिल्या तीन व्हॉल्व्हवरची बोटं तीच.

मग निवडायचं कसं? फोटो बघून नाही, फुंकून. आम्ही नाशिकला एका बँडवाल्या काकांकडे गेलो. ट्रम्पेटवर भाऊ दहा मिनिटांत लालबुंद, वरचे सूर निघेनात. युफोनियमवर पहिल्याच फुंकेत भरदार सूर आला. तोंड मात्र पडलं. "हे मागे वाजवतात ना?"

काका हसले. म्हणाले, "पुढचा चुकला तर लोकांना कळतं. मागचा थांबला तर पुढच्याला कळतं."

पुढे उभं राहण्याची हौस चुकीची नाही. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी 'अलबेला' (१९५१) केला, तेव्हा गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्यांच्या सोबत होते. पण ती जागा रियाजाने मिळते, खरेदीने नाही.

शेवटी काय ठरलं? सहा महिने काकांचं जुनं युफोनियम भाड्याने. बोटं बसतील, दम वाढेल, कान तयार होईल. ट्रम्पेटची ओढ तेव्हाही असेल, तर बोटं नव्याने शिकावी लागणार नाहीत, फक्त ओठ. आत्याचे पैसे तोवर बँकेत.

काल रात्री फोन आला. पलीकडून फक्त एक लांब, जाड "सा". मग आत्याचा आवाज, "अरे, झोपू दे आता शेजाऱ्यांना!"

तुम्ही काय वाजवता, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.