आढ्यावरून उतरलेला सुतार

कोकणातल्या जुन्या घराचा सगळा भार सुताराच्या हातावर असे. जांभ्याच्या भिंती चढल्या की ऐन, किंजळ, फणस नाहीतर सागाचे वासे वर जायचे, त्यांवर रिपा आणि मग मंगलोरी कौलं. आढ्यावर बसलेल्या सुताराच्या कमरेला दोर क्वचितच असे.

गेल्या तीसेक वर्षांत रत्नागिरीत स्लॅब आणि अपार्टमेंट वाढली. सुतार सेंट्रिंगच्या फळ्या ठोकू लागला, नाहीतर फर्निचरकडे वळला. वाकस, तासणी मागे पडली. फरशी कापायच्या कटरला लाकडाचं पातं लावून प्लाय कापणं सर्रास झालं. मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फेरे घेणारं हे यंत्र. पात्यावरचं कव्हर आड येतं म्हणून काढून ठेवतात आणि पातं फळीत अडकलं की यंत्र उसळून अंगावर येतं.

ती जखम निदान दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. नाकाच्या पोकळीला धोका मोठा. पावसाळ्यात खिडक्या लावून एमडीएफ कापलं जातं, तेव्हा ती धूळ खोलीतच फिरते. तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही.

बांधकाम कामगारांचा केंद्रीय कायदा 1996 चा, महाराष्ट्राचे नियम 2007 चे, कल्याणकारी मंडळ 2011 चं. एवढा उशीर अक्षम्यच म्हणायला हवा. आज मंडळाच्या कामांच्या यादीत सुतारकाम आहे, आदल्या वर्षी 90 दिवस काम केलेल्याला नोंदणी करता येते, सुरक्षा संचही मिळतो. पण 1996 च्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांची आस्थापना आणि दहा लाखांपर्यंतचं स्वतःचं घर बांधणारा मालक वगळला. म्हणजे कोकणातली बहुतेक घरदुरुस्तीच.

त्याचा अर्थ 2020 मध्ये कळला. 3 जूनच्या निसर्ग वादळाने दापोली, मंडणगडातली छपरं उडवली. पाऊस तोंडावर, त्यात टाळेबंदी. ओल्या वाशांवर आणि शेवाळलेल्या कौलांवर सुतार चढले, कारण घरं उघडी होती. त्यांच्या सुरक्षेची जबाबदारी कायद्याने कुणाच्याच माथी नव्हती.

ती आता घरमालकाने उचलावी. सुताराशी दर ठरवताना कमरेचा पट्टा, चांगला मास्क आणि कव्हर असलेलं यंत्र यांचा खर्च त्यात धरा, आणि त्यावर घासाघीस करू नका.